लघवीची गोळी आणि एसटीचा प्रवास

प्रश्न : सासरे ६८ वर्षांचे. हार्ट फेल्युअर, पंपिंग ३० टक्के. सकाळी फ्युरोसेमाइडची गोळी असते, पण चिपळूणला जायचं असलं की त्या दिवशी ती बुडवतात. एसटीत लघवीला कुठे उतरणार, म्हणतात. पाय सुजलेले नसले तरी "आज कशाला?" सुकी मासळी धुऊन दिली तर चालेल का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : आधी त्या ३० टक्क्यांची भीती घालवा. पंपिंग म्हणजे हृदयाच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला बाहेर ढकललं जाणारं रक्त. धडधाकट माणसाचं पंपिंगही शंभर नसतं, साधारण ५५ ते ७० असतं. हृदय बंद पडलेलं नाही, त्याचा जोर कमी झालाय, म्हणून अंगात पाणी साठतं.

ही गोळी तासाभरात काम सुरू करते आणि साधारण सहा तासांत तिचा जोर ओसरतो. त्यामुळे प्रवासाच्या दिवशी ती बुडवायची नाही, वेळ सरकवायची. दुपारी दोनला घरी पोचणार असाल तर पोचल्यावर घ्या. चारच्या पुढे नको, रात्रभर उठबस होते. डॉक्टरांना हे एकदा विचारून ठेवा. बाकीच्या गोळ्या नेहमीच्याच वेळी. त्यातली मेटोप्रोलॉलसारखी, हृदयाचे ठोके आवरणारी गोळी तर अचानक बंद करणं धोक्याचं.

सुजेची वाट पाहू नका, पाय सुजेपर्यंत बरंच पाणी साठलेलं असतं. वजनकाटा आधी सांगतो. सकाळी लघवी झाल्यावर, चहाआधी, त्याच कपड्यांत वजन करून कॅलेंडरवर लिहा. काटा लादीवर ठेवा. सारवलेल्या जमिनीवर तो कलतो आणि आकडा चुकतो. तीन दिवसांत दोन किलो वाढलं किंवा आडवं झाल्यावर दम लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

मासळीचं म्हणाल तर ताजा बांगडा खुशाल द्या. खारवलेला कितीही धुवा, वरचं मीठ जातं, आत मुरलेलं राहतं. दिवसभराचं सगळं मिळून मीठ एक सपाट चहाचा चमचा, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत हवं. आगळातही मीठ असतं हे सोलकढी करताना विसरायला होतं. बिनमिठाची कोकमं भिजवून करा. 'कमी सोडियम'चं मीठ मात्र आणू नका. त्यात पोटॅशियम असतं. सासऱ्यांना स्पायरोनोलॅक्टोन किंवा रॅमिप्रिल चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम वाढून ठोके बिघडू शकतात. शहाळ्याचंही तेच. आजाऱ्याला शहाळं द्यायची आपली रीत, पण इथे रोज नको, आधी डॉक्टरांना विचारा.

गुडघे दुखले म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन परस्पर घेऊ नये. त्यांनी अंगात पाणी धरतं आणि लघवीच्या गोळीचा जोर कमी होतो.

दुकानदार कधी त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची पट्टी देतो. जुनी घरात असतेच, मग दोन्ही घेतल्या जातात. तपासणीला जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत न्या आणि कोणती कशासाठी हे प्रत्येकीवर मराठीत लिहून घ्या.