पोटगी आणि वेळापत्रकातले तास

तुमचा प्रश्न वाचून दोन दिवस उत्तर लिहायचे टाळले. घटस्फोटानंतर मुलीचे वडील इंग्लंडमध्ये स्थायिक झाले आहेत, आता तुम्हीही परिचारिकेच्या नोकरीवर पंधरा वर्षांच्या मुलीला घेऊन इकडे येत आहात, आणि तिचे शिक्षण संपल्यावर तिच्या पोटगीचे काय होते, असे तुम्ही विचारले आहे. रक्कम कशी ठरते, अर्ज कुठे करायचा, हे सरकारी संकेतस्थळावर नीट सापडते. तिथे लिहिलेले असूनही माझ्या नजरेतून जे सुटले, तेवढेच सांगते.

चाइल्ड मेंटेनन्स सर्व्हिस, म्हणजे मुलांची पोटगी ठरवणारी इथली सरकारी यंत्रणा; तिच्या लेखी मूल म्हणजे १६ वर्षांखालील, किंवा २० वर्षांखालील आणि ए-लेव्हल (आपल्या बारावीसारखे) अथवा त्या पातळीपर्यंतचे पूर्णवेळ शिक्षण घेणारे. विद्यापीठाची पदवी त्यात बसत नाही, पगारी ॲप्रेंटिसशिपही नाही. आपण ज्याला खरा खर्च म्हणतो तो सुरू व्हायच्या वेळीच ही पोटगी थांबते, आणि तुमच्यासारख्या कामाच्या व्हिसावर आलेल्यांच्या मुलांना विद्यापीठात सहसा परदेशी विद्यार्थ्यांचे शुल्क पडते, हेही त्याच वेळी कळते. शिवाय ‘पूर्णवेळ’ म्हणजे आठवड्याला सरासरी १२ तासांहून अधिक प्रत्यक्ष शिकवणी. जेवणाची सुट्टी आणि घरचा अभ्यास त्यात धरत नाहीत.

माझ्या मुलाने सतराव्या वर्षी, जानेवारीत, तीनपैकी दोन विषय सोडले. कॉलेजने दोन ओळींचा ईमेल पाठवला. ‘विद्यार्थी म्हणून नोंदणी कायम आहे’ असे त्यात होते, म्हणून मी निर्धास्त राहिले. वेळापत्रकात पाचच तास उरले होते. शिक्षण सुटल्यावर फेब्रुवारी, मे, ऑगस्ट किंवा नोव्हेंबर, यांपैकी ज्या महिन्याची अखेर आधी येईल तोवर चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलासाठी पालकाला मिळणारा सरकारी भत्ता, चालू राहते आणि पोटगीही सहसा त्याच्याबरोबरच थांबते. आमची मुदत फेब्रुवारीअखेर संपली होती. मला ते जूनमध्ये कळले, तेही मुलाच्या वडिलांनी तासांची चौकशी केल्यामुळे. चार महिन्यांचे पैसे मी परत केले. ते हक्काने मागत होते, हे मान्य करायला मला फार वेळ लागला. तासांचा उल्लेख असलेले पत्र कॉलेजकडून मिळवायला तीन खेपा पडल्या: पहिल्या पत्रात वर्ष चुकले होते, दुसऱ्यात तासच नव्हते.

त्याच आठवड्यात मी मुलाला म्हणाले की सप्टेंबरपासून कोणताही विषय घे, पण तास भर. तो म्हणाला, ‘म्हणजे मी बाबांचे पैसे आणायला कॉलेजात जातो का?’ सप्टेंबरमध्ये तो गोदामात कामाला लागला. त्याला सहा वर्षे झाली. त्याचे शिक्षण माझ्या वाक्यामुळे सुटले की आधीच सुटले होते, हे मी अजून त्याला विचारलेले नाही.

तुम्हाला चाइल्ड बेनिफिट बहुधा मिळणार नाही, कारण तुमच्या व्हिशावर सरकारी लाभांची मनाई असेल. पोटगी मात्र सरकारी लाभ नाही, ती बापाने द्यायची रक्कम आहे, त्यामुळे ती मागायला कचरू नका. त्याहून महत्त्वाचे म्हणजे निघण्यापूर्वी वडिलांशी लेखी ठरवा, आणि त्यात ‘शिक्षण पूर्ण होईपर्यंत’ असे मोघम लिहू नका; पदवीचे काय, ॲप्रेंटिसशिपचे काय, एखादे वर्ष वाया गेले तर काय, हे वेगवेगळे लिहा. आमच्या पुण्यातल्या कागदांत तेच तीन शब्द होते आणि प्रत्येकाने आपापला अर्थ काढला. भारतात हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ अविवाहित मुलीला, तिला स्वतःचा निर्वाह करता येत नसेल तोवर, वडिलांकडे मागण्याचा हक्क देतो. तो आधार मनात धरून इथल्या व्यवस्थेकडे पाहू नका. इथे १९८९च्या चिल्ड्रन ॲक्टखाली अठरा वर्षांवरचे शिकणारे मूल आईवडिलांविरुद्ध स्वतः न्यायालयात जाऊ शकते, पण बापावर दावा लावायला मुलीला सांगणे तुम्हाला जमेल का, याचा आधी विचार करा. मला जमले नसते.

एकटेपणाबद्दलही विचारले आहे. तो येतो, डिसेंबरात चार वाजता अंधार पडला की जास्त; त्याची सवय होते.

मुलगी सोळाची झाली की दर सत्राच्या सुरुवातीला कॉलेजकडून शिकवणीचे तास लेखी घ्या, आणि विषय सोडण्यापूर्वी तिने तुम्हाला सांगावे एवढे तिच्याशी आधीच बोलून ठेवा. माझ्याकडे ते तिसरे, नीट लिहिलेले पत्र अजून आहे. नमुना म्हणून हवे असेल तर मुलाचे नाव खोडून पाठवते.