वेगवेगळ्या विणी एकत्र करून क्रोशाच्या ब्लँकेटचा चौकोन स्वतः कसा बेतायचा?

तुम्ही विचारलंय की शिंपले, बॉबल (कापडावर उठून दिसणारे गोळे), जाळी अशा आवडीच्या विणी एकाच चौकोनात घेतल्या की तो वर निमुळता होतो, कडा वाकड्या येतात आणि दोन चौकोन एकमेकांना जुळत नाहीत. मग स्वतःचं डिझाइन करताना सुरुवात कुठून करायची?

सुरुवात आकड्यापासून करा. कोणती वीण कुठे घालायची हे नंतर ठरवा.

प्रत्येक विणीचं आपलं एक माप असतं. मॉस (एक टाका, एक साखळी अशी आलटून-पालटून विणायची वीण) दोन टाक्यांच्या पटीत बसते, बॉबल बहुधा चारच्या आणि शिंपले सहाच्या. म्हणून या सगळ्यांना चालेल असा आकडा घ्यायचा. माझा आवडता आकडा 24 अधिक 1, म्हणजे 25 टाके. 24 ला 2, 3, 4, 6, 8 या सगळ्यांनी भाग जातो, आणि वरचा एक टाका नक्षी दोन्ही टोकांना सारखी संपावी म्हणून. मोठा चौकोन हवा असेल तर 49 घ्या, हिशेब तोच राहतो.

पुढे वाचण्याआधी एक खुलासा: मी मुका खांब म्हणते तो अमेरिकन पॅटर्नमधला सिंगल क्रोशे आणि खांब म्हणजे डबल. ब्रिटिश पॅटर्नमध्ये याच दोघांना अनुक्रमे डबल आणि ट्रेबल म्हणतात, त्यामुळे विणी दोन ठिकाणांहून उचलत असाल तर हे आधी तपासून घ्या.

आता 25 टाक्यांवर काय काय बसतं ते बघा. 26 साखळ्या घालून सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब घेतला की 25 ची पायाची ओळ होते. शिंपल्यांसाठी: पहिल्या टाक्यात मुका खांब, मग दोन टाके सोडून तिसऱ्यात पाच खांब, पुन्हा दोन सोडून पुढच्यात मुका खांब. असे बरोबर चार शिंपले बसतात. बॉबलच्या ओळीत दोन मुके खांब, एक बॉबल, मग तीन मुके खांब आणि एक बॉबल असं पाच वेळा, शेवटी दोन मुके खांब. मोजून बघा, 25 च येतात. पुढच्या बॉबल ओळीत सुरुवात आणि शेवट चार-चार मुक्या खांबांनी केला की बॉबल आधीच्या दोघांच्या मधोमध येतात.

व्ही टाके (एकाच टाक्यात दोन खांब, एका व्हीला तीन टाक्यांची जागा) मात्र या आकड्यात बसत नाहीत. दोन्ही कडांना एकेक खांब धरला तर त्यांना 26 लागतात, मग आठ व्ही छान बसतात. अशा वेळी वीण सोडून देऊ नका. तिच्या आधीच्या साध्या ओळीत मध्ये कुठेतरी एका टाक्यात दोन मुके खांब घ्या आणि नंतरच्या साध्या ओळीत दोन टाके एकत्र करून परत 25 वर या. तयार चौकोनात हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणूनच दोन विणींच्या मध्ये मुक्या खांबांची एक साधी ओळ हवीच, असं माझं ठाम मत आहे. टाके वाढवायचे-घटवायचे ते तिथे, मोजायचे तिथे, आणि सुलट-उलट बाजू बदलायची तीही तिथेच. बॉबल उलट्या बाजूने विणला तर सुलट बाजूला उठून येतो. तुमची बॉबलची ओळ सुलट बाजूवर येत असेल तर आधी एक साधी ओळ वाढवा. शिवाय नक्षीला थोडी मोकळी जागा मिळते, डोळ्यांना ते बरं वाटतं.

शिंपल्यांनंतर एक गोष्ट नीट करावी लागते. शिंपल्यांची वरची कड लाटांसारखी असते, तिच्यावर थेट साधी ओळ घातली तर त्या लाटा तशाच वर सरकतात. खोलगट जागी उंच टाका आणि उंचवट्यावर बुटका टाका घ्यायचा: आधीच्या मुक्या खांबावर खांब, शिंपल्याच्या पहिल्या खांबावर अर्धा खांब (अमेरिकन हाफ डबल), मधल्या तिघांवर मुके खांब, पाचव्यावर पुन्हा अर्धा खांब, आणि परत खोलगट जागी खांब. ओळ सरळ होते आणि टाके पुन्हा 25. क्रोशात मला सगळ्यात जास्त आनंद या ओळीचा होतो, कारण ती विणताना सुईखाली लाट सपाट होताना दिसते.

आता तुमचा निमुळता चौकोन. आधी खात्री करा की ओळीच्या टोकाचा टाका सुटत नाहीये. पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात खुणेची पिन अडकवा. टाके पूर्ण असूनही चौकोन निमुळता होत असेल तर दोष विणींच्या क्रमाचा आहे. खांबाच्या भोवतीने सुई घालून करायच्या विणी, म्हणजे वॅफल किंवा टोपलीची वीण, कापड आडवं आत ओढतात आणि लोकरही भरपूर खातात. जाळी उलट पसरते. खाली जाळी आणि वर वॅफल घेतलं तर टाके सारखे असूनही वरची बाजू अरुंदच होणार. उपाय असा की घट्ट वीण मधोमध ठेवायची आणि वर-खाली सारखं वजन द्यायचं: मॉस, शिंपले, बॉबल, शिंपले, मॉस. मध्ये मध्ये साधी ओळ. सुई बदलूनही फरक पडतो. जाळीसाठी अर्धा मिलिमीटर बारीक सुई घेतली तर ती आवरते.

एका चौकोनात तीनपेक्षा जास्त विणी घेऊ नयेत असं मला वाटतं. चौथी आली की एकही धड दिसत नाही. रंगाचंही तेच: उठावाच्या विणी फिक्या, एकरंगी लोकरीत खुलतात. गडद किंवा छटा बदलणाऱ्या लोकरीत बॉबलची मेहनत वाया जाते, तिथे मॉस किंवा साधे खांब सुंदर दिसतात. ब्लँकेट तान्ह्या बाळासाठी असेल तर मोठ्या भोकांची जाळी टाळा, बोटं अडकतात.

उंची जुळवायचं काम मॉसच्या शेवटच्या पट्ट्यावर सोपवा. रुंदी मोजा आणि उंची तेवढी होईपर्यंत मॉस विणत राहा. चार-दोन ओळी कमी-जास्त झाल्या तरी ती वीण बिघडत नाही.

मग कड, जी सगळे चौकोन एका मापाचे करते. कोपऱ्यात मुका खांब, दोन साखळ्या, मुका खांब, आणि दोन कोपऱ्यांच्या मध्ये 23 मुके खांब. चारही बाजूंना 25. बाजूच्या उभ्या कडांवर मुक्या खांबाच्या ओळीला एक आणि खांबाच्या ओळीला दोन टाके असा अंदाज धरा, पण शेवटी 23 च बसवा. मधूनमधून एखादी जागा सोडायची किंवा एका जागी दोन घ्यायचे. वेगळ्या नक्षीचे चौकोन असले तरी कडेचा आकडा एकच असल्यामुळे जोडताना टाक्याला टाका मिळतो.

मधून गोल सुरू होणारी नक्षी हवी असेल तरी विचार हाच. खांबांच्या चार फेऱ्या 12, 24, 36, 48 अशा वाढवल्या की 48 चे चार भाग बारा-बाराचे. प्रत्येक भागात एक टाका कोपऱ्याचा: त्यात दोन लांब खांब (अमेरिकन ट्रेबल), दोन साखळ्या, दोन लांब खांब. उरलेल्या अकरांत 2 खांब, 2 अर्धे, 3 मुके, 2 अर्धे, 2 खांब. गोलाचा चौकोन होतो आणि बाजूला 15 टाके मिळतात.

जोडण्याआधी सगळे चौकोन एकाच मापावर पिना लावून ताणून घ्या. शुद्ध लोकर ओली करून वाळवली की माप धरते. अ‍ॅक्रिलिकला दुरून वाफ पुरते. इस्त्री टेकवू नका, टाके कायमचे लुळे पडतात.

तुमच्या मनात कोणत्या तीन विणी आहेत आणि लोकर किती जाड आहे ते प्रतिक्रियेत लिहा, टाक्यांचा आकडा आणि ओळींचा क्रम मांडून देते.