शौर्यपदक नसलेल्या नौसैनिकाच्या पदकांवरून त्याची कारकीर्द कळू शकते का?

आपले आजोबा वीस वर्षांहून अधिक काळ नौदलात होते, पेटीत त्यांची पदके सापडली, पण त्यांत शौर्यपदक एकही नाही, तेव्हा ती 'सर्वांनाच मिळणारी' असतील का, असे आपण विचारले आहे. माझे वडील 1964 च्या जानेवारीत वडोद्याहून नौदलात गेले आणि 22 वर्षांनी परतले. त्यांच्याकडेही शौर्यपदक नव्हते. होती ती सहा पदके, आणि त्यांतून त्यांची जवळजवळ सगळी नोकरी वाचता येते.

रक्षा पदकावरून ते 1965 च्या युद्धापूर्वीच सेवेत रुजू झाले होते हे कळते. संग्राम पदक 1971 च्या युद्धकाळात आणि त्यानंतरच्या वर्षभरात सेवेत असलेल्यांना मिळाले; म्हणून ते एकट्याने फारसे सांगत नाही. त्याच्या शेजारी 'पूर्वी स्टार' (पूर्व आघाडीचे पदक) असेल, तर मात्र नौसैनिक बंगालच्या उपसागराच्या बाजूला होता असे समजावे. 'पश्चिमी स्टार' असेल, तर अरबी समुद्राच्या बाजूला. वडील विक्रांतच्या बॉयलर रूममध्ये होते. जहाजाच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडे गेलेले असल्यामुळे ते वापरता येत नव्हते, वेग मर्यादित होता, आणि तरीही 4 डिसेंबरपासून त्याच्या डेकवरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ले केले. खाली उकाड्यात उरलेल्या बॉयलरांवर वाफेचा दाब टिकवून धरणाऱ्यांच्या वाट्याला वेगळे मानपत्र आले नाही. त्या दिवसांची खूण म्हणून आमच्या घरी तो 'पूर्वी स्टार'च आहे.

स्वातंत्र्याच्या 25 व्या वर्धापनदिनाचे पदक 15 ऑगस्ट 1972 रोजी सेवेत असलेल्यांचे. उरलेली दोन 9 आणि 20 वर्षांच्या दीर्घ सेवेची, आणि माझ्या मते घरच्यांनी सर्वांत जास्त मान द्यावा तो यांनाच, कारण वीस वर्षे म्हणजे आईने एकटीने काढलेल्या कितीतरी दिवाळ्याही त्यांत आहेत.

एक कळकळीची विनंती. पदके चौकटीत बसवायला देण्यापूर्वी प्रत्येक पदक त्याच्या फितीसह छायाचित्रात टिपून ठेवा. आमच्याकडे एका दुकानदाराने फिती काढून धुतल्या आणि परत लावताना अदलाबदल केली. ती चूक ध्यानात यायला मला तीन वर्षे लागली. पदके घासून चकचकीतही करू नका, कारण गोल पदकाच्या कडेवर सेवा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते आणि घासण्याने ते पुसट होते. वेगवेगळ्या पदकांवरचा हुद्दा बदलत गेलेला दिसला, तर आजोबांच्या बढत्यांचा क्रमही आपल्या हाती येईल. आजोबा कोणकोणत्या जहाजांवर होते हे मात्र पदकांवर लिहिलेले नसते. ते त्यांच्या सेवेच्या कागदपत्रांत शोधावे लागेल. ती घरात नसतील, तर नौदलाच्या मुंबईतील ब्यूरो ऑफ सेलर्सकडे पत्र पाठवा आणि त्यात कडेवरचा सेवा क्रमांक अवश्य लिहा.