रोज एक फोटो काढून कंपोझिशन (फोटोतली मांडणी) खरंच सुधारतं का?

सुधारतं, पण रोज नवा विषय शोधत बसू नका. विषय एकच ठेवा आणि उभं राहायची जागा बदला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतली तुळस घेतली होती. पहिले चार दिवस ती बरोब्बर मधोमध. पाचव्या दिवशी मोबाईल ओट्याला टेकवून खालून बघितलं, तेव्हा मागचा पाइप पहिल्यांदा डोळ्यांत भरला. आधीच्या चारही फोटोंत तो होताच, थेट मंजिरीतून वर आल्यासारखा! अर्धं पाऊल डावीकडे सरकलो आणि पाइप खिडकीच्या चौकटीआड गेला. त्या दिवशी मला जागेचं महत्त्व कळलं.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड सुरू करा. दोन आडव्या, दोन उभ्या रेषांनी फ्रेमचे 9 भाग होतात. त्या रेषा एकमेकींना छेदतात तिथे मुख्य वस्तू ठेवून बघा. बटण दाबण्याआधी चारही कडांवरून नजर फिरवा, नको ते बहुतेक वेळा तिथूनच आत घुसतं. झूम नको, चालत जवळ जा. आँरी कार्तिए-ब्रेसाँसारख्या दिग्गज फ्रेंच छायाचित्रकारानं आपलं बरंचसं काम झूम नसलेल्या 50 मिमीच्या लेन्सवर केलं.

हवे तर वीस फोटो काढा, पण रात्री एकच ठेवा आणि तो का ठेवला हे वहीत एका ओळीत लिहा. माझ्या मते खरा सराव या निवडीतच होतो. सुरुवातीला 365 दिवसांचा संकल्प नको, 30 दिवस पुरे. एखादा दिवस चुकला तर भरपाई करू नका, सरळ पुढचा फोटो काढा.