हमीशुल्क मी भरले, मग कर्ज अजून माझ्याच डोक्यावर कसे?

प्रश्न : भोसरीत माझे लेथकामाचे छोटे वर्कशॉप आहे. २०२१ मध्ये यंत्रांसाठी एका राष्ट्रीयीकृत बँकेकडून मी ९ लाख रुपयांचे कर्ज सीजीटीएमएसईच्या (सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या कर्जांना हमी देणाऱ्या ट्रस्टच्या) हमीवर घेतले. तारण दिले नव्हते. हमीशुल्क दर वर्षी माझ्याच खात्यातून वजा होत होते. मोठ्या गिऱ्हाइकाचे काम बंद झाल्यावर हप्ते थकले आणि ६ लाख ४० हजारांच्या थकबाकीवर खाते एनपीए (बुडीत-थकीत) झाले. आता शाखेतून कळले की बँकेला हमीपोटी ३ लाख ६० हजार मिळाले आहेत. तरीही सगळी रक्कम व्याजासह १५ दिवसांत भरा, अशी वकिलामार्फत नोटीस आली आहे. आईला जामीनदार करा आणि राहत्या फ्लॅटचे कागद जमा करा, मग कारवाई थांबवतो, असे व्यवस्थापक सांगतात. आईच्या एकटीच्या नावावर असलेल्या मुदत ठेवीवरही शाखेने लीन (रक्कम अडवून धरण्याचा बोजा) लावले आहे. फ्लॅट वडिलांनी स्वकमाईतून घेतला होता. ते गेल्यावर नॉमिनी म्हणून सोसायटीने तो आईच्या नावे केला. एक विवाहित बहीण आहे. मी फ्लॅटचे हक्कसोडपत्र करून टाकू का?

उत्तर : आपल्या पत्रातला सगळा गोंधळ हमीशुल्कापासून सुरू होतो, म्हणून उत्तरही तिथूनच सुरू करतो. आपण शुल्क भरले म्हणून विमा आपला झाला, असे आपल्याला वाटते, आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे. कर्ज देताना शाखेत कोणीही बसून हे समजावून सांगत नाही. परंतु केंद्र सरकार आणि सिडबी (लघु उद्योग विकास बँक) यांनी २००० मध्ये स्थापन केलेल्या या ट्रस्टने दिलेली हमी आपल्याला नसून बँकेला आहे. कर्जदाराने पैसे बुडवले तर बँकेच्या नुकसानीतला ठरावीक वाटा ट्रस्ट उचलतो, एवढाच त्या कराराचा अर्थ. शुल्क आपल्या खात्यातून गेले, कारण ते बँकेने आपल्यावर टाकले. त्यामुळे आपण त्या करारातले लाभार्थी ठरत नाही.

बँकेला मिळालेल्या रकमेचा हिशेब आपल्या आकड्यांशी जुळतो. ५ लाखांवरच्या अशा कर्जाला त्या वेळी साधारणपणे ७५ टक्के संरक्षण होते, म्हणजे ६ लाख ४० हजारांवर ४ लाख ८० हजार. दावा मान्य झाल्यावर त्यातले ७५ टक्के, म्हणजे ३ लाख ६० हजार आधी मिळतात आणि उरलेले वसुलीची कारवाई संपल्यावर. ही रक्कम आपली परतफेड म्हणून धरली जात नाही. उलट दावा घेतल्यानंतरही वसुली चालू ठेवणे आणि वसूल झालेल्या रकमेतला ट्रस्टचा वाटा ट्रस्टकडे भरणे हे बँकेवर बंधनकारक असते. भारतीय करार कायद्याचे मूळ तत्त्वही हेच आहे की जामीनदाराने पैसे भरले तर कर्ज संपत नाही, तर वसुलीचा हक्क तेवढ्यापुरता त्याच्याकडे जातो. तेव्हा ‘सरकारने भरले, माझे संपले’ हा बचाव नोटिशीच्या उत्तरात कृपया घेऊ नका. तो टिकणार नाही, आणि आपल्या बाजूचे जे खरोखर भक्कम मुद्दे आहेत तेही त्याच्यासोबत कमकुवत दिसतील.

ते भक्कम मुद्दे आईविषयीचे आहेत. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण घेऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा बँकांना २०१० पासून आदेश होता आणि आपले कर्ज त्या मर्यादेत होते. शिवाय ज्या कर्जाला संपूर्ण हमी घ्यायची, त्याला बाहेरचे तारण किंवा त्रयस्थ व्यक्तीचा जामीन नसावा, ही ट्रस्टच्या योजनेचीच अट आहे. कर्जाच्या पैशांतून घेतलेली यंत्रे बँकेकडे नजरगहाण (ताबा आपल्याकडेच ठेवून तारण) असतात, त्याला हरकत नाही. पण ज्या बँकेने ‘तारण घेतलेले नाही’ या आधारावर हमी घेतली आणि तिचे पैसेही उचलले, तिने आता मागाहून एका विधवेकडे राहत्या घराचे कागद मागावेत, हे मला अत्यंत अनुचित वाटते. आपल्या आईवर या कर्जाची आज कोणतीही जबाबदारी नाही. त्यांनी सही केली, तर ती मात्र तयार होईल. म्हणून त्यांनी कोणत्याही कागदावर सही करू नये, फ्लॅटचा मूळ करारनामा किंवा शेअर सर्टिफिकेट शाखेत नेऊ नये आणि ‘फक्त पाहायला आणा’ असे सांगितले तरीही नेऊ नये; मूळ दस्त तारणाच्या हेतूने बँकेच्या हाती देण्यानेही गहाण निर्माण होऊ शकते.

सरफेसी कायद्याची भीती आपल्याला दाखवली गेली असावी, असे पत्राच्या सुरावरून दिसते. २००२ च्या त्या कायद्याखाली बँक कोर्टात न जाता फक्त तिच्याकडे तारण असलेली मालमत्ता ताब्यात घेऊ शकते. फ्लॅट तारण नाही, म्हणून त्या मार्गाने तो घेता येत नाही. यंत्रे घेता येतील, मात्र आधी कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस द्यावी लागेल आणि आपण लेखी हरकत घेतल्यास १५ दिवसांत तिचे सकारण उत्तर द्यावे लागेल. आपल्याला आलेली १५ दिवसांची नोटीस त्या कलमाखालची नाही. यंत्रे बँकेच्या परवानगीशिवाय विकू किंवा हलवू नका. दिवाणी थकबाकीचे फौजदारी प्रकरण होण्याचा तो सर्वांत जवळचा रस्ता आहे.

आईच्या ठेवीवरचे लीन मला बेकायदेशीर वाटते. करार कायद्याच्या कलम १७१ खाली बँकेचा हक्क कर्जदाराच्या मालमत्तेवर असतो. ज्यांनी सही केलेली नाही आणि ज्या कर्जदार नाहीत, त्यांच्या ठेवीवर तो चालत नाही. आईंनी स्वतःच्या सहीने शाखेला पत्र द्यावे, लीन कोणत्या दस्तऐवजाच्या आधारे लावले ते विचारावे, ते हटवण्याची मागणी करावी आणि पोच घ्यावी. ३० दिवसांत दाद लागली नाही, तर त्यांना रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येईल. ही तक्रार त्यांच्याच नावाने जाऊ द्या. आपल्या कर्जाचा वाद त्यात मिसळला, तर मुद्दा पातळ होतो.

आता फ्लॅट. इथे मला आपल्याला न आवडणारी गोष्ट सांगावी लागेल. सोसायटीच्या नोंदीत आईचे नाव नॉमिनी म्हणून लागले, याने त्या एकट्या मालक झाल्या नाहीत. नॉमिनी वारसांच्या वतीने सांभाळ करतो. मालकी वारसा कायद्याने ठरते. वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल, आपल्याला हिंदू वारसा कायदा लागू असेल आणि आजी वडिलांच्या आधी वारल्या असतील, तर आई, आपण आणि बहीण यांचा प्रत्येकी एक तृतीयांश हिस्सा आहे. म्हणजे बँकेने दावा लावून हुकूमनामा मिळवला, तर दरखास्तीत (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत) आपला तो एक तृतीयांश हिस्सा जप्तीस पात्र ठरू शकतो. आईचा आणि बहिणीचा हिस्सा नाही.

हे वाचून हक्कसोडपत्राची घाई अधिकच होईल, आणि नेमके तेच टाळायला सांगतो. थकबाकी झाल्यावर, नोटीस हातात असताना, मोबदला न घेता आईच्या नावे हक्क सोडणे म्हणजे धनकोंना चुकवण्यासाठी केलेले हस्तांतर, असे बँक म्हणेल. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली ते रद्द होऊ शकते आणि मग तडजोडीच्या टेबलावर आपला प्रामाणिकपणाच वादात येतो. आईंच्या डोक्यावरचे छप्पर जाईल का, हा आपला खरा प्रश्न आहे, हे मी समजतो. अविभक्त हिस्सा विकत घेणारा परका माणूस सरळ घरात येऊन राहू शकत नाही. त्याने वाटपाचा दावा केला, तर १८९३ च्या विभाजन कायद्याच्या कलम ४ खाली कुटुंबातल्या हिस्सेदाराला कोर्ट ठरवेल त्या किमतीला तो हिस्सा घेण्याचा हक्क आहे. अशा हिश्श्याला सहसा चांगले गिऱ्हाईक मिळत नाही, हे बँकांनाही ठाऊक असते.

दावा आलाच, तर तो कर्जवसुली न्यायाधिकरणात जाणार नाही, कारण तिथली मर्यादा २० लाखांपासून सुरू होते. रक्कम ३ लाखांच्या वर असल्याने तो पुण्यात वाणिज्यिक दावा म्हणून चालेल. त्यात तातडीचा अंतरिम आदेश मागितला नसेल, तर बँकेला आधी मध्यस्थीसाठी जावे लागते; ही पायरी सक्तीची असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. मध्यस्थीची नोटीस आली तर गैरहजर राहू नका. आणि समन्स मिळाल्यावर लेखी कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) ३० दिवसांत द्या. वाणिज्यिक दाव्यात १२० दिवसांनंतर ती कोणत्याही कारणाने घेतली जात नाही.

आजारी सूक्ष्म उद्योगांच्या पुनरुज्जीवनाची रिझर्व्ह बँकेची २०१६ ची चौकट बँकांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये प्रो निट्स प्रकरणात म्हटले. पण उद्योजकानेही कागदपत्रांसह वेळेत पुढे यावे लागते, आणि आपले खाते एनपीए होऊन बँकेचा हमीदावाही मंजूर झाला असल्याने तिच्यावर मोठी आशा ठेवू नये. उपयोगी मार्ग एकरकमी तडजोडीचा आहे. ती हक्क म्हणून मागता येत नाही; मात्र तारण नसलेल्या खात्यात बँका सहसा ऐकतात. रक्कम कुठून आणि किती दिवसांत येईल हे लिहून प्रस्ताव द्या, थकबाकी नसल्याचा दाखला आणि यंत्रांवरचा बोजा उतरवण्याचे आश्वासन मंजुरीपत्रातच घ्या. सिबिलमध्ये खाते ‘सेटल्ड’ दिसेल आणि पुढची काही वर्षे नवे कर्ज अवघड जाईल, ही किंमत माहीत असू द्या. शिल्लक मान्य असल्याचा कागद व्यवस्थापकांनी पुढे केला, तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका, कारण बँकेला दावा लावण्याची तीन वर्षांची मुदत त्या तारखेपासून नव्याने सुरू होते.

नोटिशीचे उत्तर १५ दिवस संपण्याआधी स्पीड पोस्टाने जाऊ द्या. त्यात कर्ज नाकारू नका. आजवरचा खातेउतारा, व्याजाची आकारणी आणि हमीदाव्याचा तपशील मागा, आई कर्जदार किंवा जामीनदार नाहीत हे नोंदवा आणि तडजोडीची तयारी असल्याचे ‘आमच्या हक्कांना बाध न येता’ या शब्दांसह लिहा. वसुली एजंट सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर आले अथवा सोसायटीत चार लोकांसमोर बोलले, तर तारीख आणि वेळ टिपून तेही त्याच पत्रात घाला.