डक्टमधला व्हेंट पाइप कुणाचा?

प्रश्न : ठाण्यातल्या सहकारी सोसायटीत आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे. वरच्या सभासदांनी बाथरूम नव्याने करताना डक्टमधला (पाइपांसाठीच्या उभ्या पोकळीतला) हवेचा पाइप कापून त्याचं तोंड बंद केलं. तेव्हापासून त्यांनी फ्लश केला की आमच्या नहाणीत गुडगुडतं आणि गटाराचा वास येतो. सेक्रेटरी म्हणतात, 'तुमचं तुम्ही आपसात मिटवा.'

उत्तर : ताई, सेक्रेटरींचं हे म्हणणं मुळीच मान्य करू नका. गच्चीपर्यंत जाणारा हा हवेचा, म्हणजे व्हेंट पाइप वरच्यांचाही नाही आणि तुमचाही नाही. तो सामाईक ड्रेनेजचा भाग आहे. आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांच्या कारभाराच्या नमुना नियमांनुसार) ड्रेनेज लाइनची देखभाल सोसायटीने तिच्या खर्चाने करायची असते. घरातल्या नळाची, सिंकची गळती तेवढी सभासदाची.

वास का येतो, हे समजून घ्या, कारण तक्रारीत ते लिहावं लागेल. नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे नहाणीच्या जाळीखालच्या वाकड्या भागात, दोन इंचांच्या आसपास पाणी साचून राहतं आणि तेच गटारातला वायू अडवतं. वरून फ्लशचं पाणी वेगाने उतरताना पाइपला हवा लागते. व्हेंट बंद असला की ती हवा तुमच्या ट्रॅपमधून ओढली जाते, पाणी उतरतं आणि वायूला वाट मोकळी होते. पाइप पूर्ववत होईपर्यंत रोज ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतत जा.

आता पुरावा. परवानाधारक प्लंबरकडून पाहणी करून लेखी अहवाल घ्या, डक्टचे तारखेसह फोटो काढा. मंजूर नकाशात ड्रेनेजची मांडणी असेल तर त्याची प्रत सोसायटीकडे मागा. दिली नाही, तर महापालिकेत माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा.

मग समितीला पत्र द्या आणि पोच घ्या. समितीच्या परवानगीशिवाय सभासदाला फ्लॅटमध्ये फेरफार करता येत नाहीत, म्हणून वरच्यांनी ती घेतली होती का, हे लेखी विचारा. पूर्वसूचना देऊन त्यांच्या फ्लॅटची पाहणी करण्याचा अधिकार समितीला आहे, तो वापरायला सांगा. पंधरा दिवसांत हालचाल झाली नाही, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज करा. पाइप पूर्ववत करून हवा असेल, तर याच अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात दावा लावा आणि कलम ९५ खाली अंतरिम (निकालापर्यंतचा तात्पुरता) आदेश मागा.

इथे एक चूक हमखास होते : दावा फक्त शेजाऱ्यावर लावला जातो. मग हा दोन सभासदांचा खासगी वाद आहे, सोसायटीच्या कामकाजाशी त्याचा संबंध नाही, अशी हरकत येते आणि अधिकारक्षेत्राच्या वादातच महिने जातात. म्हणून सोसायटीलाही प्रतिवादी करा.

रागाच्या भरात डक्टमध्ये माणूस उतरवून पाइप स्वतः जोडून घेऊ नका. पुरावाही जाईल आणि उलट तक्रार तुमच्यावर येईल. आणि वरच्यांना एकदा प्लंबरचा अहवाल शांतपणे दाखवा. बऱ्याचदा कंत्राटदाराने काय कापलं, हे घरमालकाला ठाऊकच नसतं.