जोडीदारासाठी ग्रीन कार्ड : परदेशात राहून कागदपत्रं जमवताना

पती किंवा पत्नी अमेरिकेचे नागरिक, जोडीदार भारतीय पासपोर्टवर आणि संसार तिसऱ्याच देशात, अशा वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. या अर्जात अडचण सहसा पात्रतेची नसते. एखादा कागद ज्या देशात सहज मिळाला असता तो देश सोडल्यावर त्याची आठवण होते आणि तिथे महिने जातात.

प्रश्न : आम्ही आठ वर्षं दुबईत आहोत. नवरा अमेरिकी नागरिक, माझा पासपोर्ट भारतीय. दोनेक वर्षांत अमेरिकेत जायचं ठरतंय. सुरुवात कोणत्या कागदापासून करावी?

उत्तर : लग्नाच्या नोंदणी प्रमाणपत्रापासून. ते नसेल तर पुढचं काहीच हलत नाही. लग्नपत्रिका, भटजींचा दाखला किंवा कार्यालयाची पावती यांनी नोंदणीची जागा भरून निघत नाही. लग्न महाराष्ट्रात झालं असेल आणि नोंदणी राहून गेली असेल, तर १९९८च्या राज्य कायद्याखाली ती आजही करता येते. मात्र दोघांनी आणि तीन साक्षीदारांनी विवाह निबंधकापुढे हजर राहावं लागतं. म्हणून पुढच्या सुट्टीतले दोन-तीन कामाचे दिवस त्यासाठी राखून ठेवा.

पहिला टप्पा म्हणजे युएससीआयएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर खात्याकडे, आय-१३० पिटिशन, म्हणजे नवऱ्याने तुमच्यासाठी भरायचा अर्ज. परदेशातली त्यांची बहुतेक कार्यालयं २०२०पर्यंत बंद झाली, पण अर्ज ऑनलाइन भरता येतो, त्यासाठी अमेरिकेत असावं लागत नाही. सोबत नवऱ्याच्या नागरिकत्वाचा पुरावा, दोघांचे फोटो, लग्नाचं प्रमाणपत्र, आधीची लग्नं असतील तर त्यांच्या घटस्फोटाचे हुकूमनामे, आणि तुमच्या माहितीचा आय-१३०ए. तुम्ही अमेरिकेबाहेर आहात, त्यामुळे आय-१३०ए भरावा लागतो, पण त्यावर तुमची सही सक्तीची नाही.

पोलिसांचे दाखले आणि वैद्यकीय तपासणी या टप्प्यात लागत नाहीत. उत्साहाने आधीच काढून ठेवलेला दाखला मुलाखतीपर्यंत मुदतबाह्य होऊ शकतो. पिटिशन मंजूर झाली की प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे एनव्हीसीकडे जातं आणि तिथे डीएस-२६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज), आर्थिक कागद, जन्मदाखला, पोलीस दाखले मागतात. एनव्हीसीशी वर्षभर काहीच संपर्क ठेवला नाही तर प्रकरण बंद होऊ शकतं. कागद अपुरे असले तरी वर्षातून एकदा त्यांच्या संकेतस्थळावर लॉग-इन करा किंवा त्यांना लिहा.

प्रश्न : आमचं लग्न ठरवून झालं. नवरा सिंगापूरला नोकरीला, मी साताऱ्यात सासरी. एकत्र राहणं जेमतेम दीड महिना. संयुक्त खातं नाही, भाडेकरार नाही. लग्न खरं आहे हे दाखवायचं कसं?

उत्तर : लग्नाआधीपासूनचा क्रम दिसू द्या. साखरपुड्याचे फोटो, कार्यालयाची आणि केटररची पावती, लग्नपत्रिका, लग्नात दोन्हीकडची वडीलधारी मंडळी एकत्र दिसतील असे फोटो. हजार फोटो पाठवू नका. वीस-पंचवीस निवडा आणि प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण, कोण कोण आहे ते इंग्रजीत लिहा.

त्यानंतर भेटींचे पुरावे : दोघांच्या पासपोर्टांवरचे शिक्के, विमानाची तिकिटं, बोर्डिंग पास. त्याने घरखर्चाला पाठवलेल्या पैशांच्या बँक नोंदी. आयुर्विमा आणि भविष्यनिर्वाह निधीवर एकमेकांचं नामनिर्देशन. हे आजही करता येतं, खर्च जवळपास नाही आणि पुरावा वजनदार ठरतो. व्हॉट्सॲप संभाषणाचे गठ्ठे कुणी वाचत नाही. दर दोन-तीन महिन्यांतलं एखादं पान घ्या, तारखा दिसू द्या, मराठी मजकुराचं भाषांतर जोडा. दोघांना जवळून ओळखणाऱ्या दोन व्यक्तींची प्रतिज्ञापत्रंही चालतात. त्यांत त्यांनी स्वतः पाहिलेले प्रसंग तारखांसह हवेत. 'सुखी दांपत्य आहे' एवढ्या वाक्याचा उपयोग नाही.

अमेरिकेत पाऊल ठेवाल त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली नसतील तर मिळणारं ग्रीन कार्ड सशर्त, दोन वर्षांचं असतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१, म्हणजे ही अट काढण्याचा अर्ज, भरताना संसाराचे पुरावे पुन्हा मागतात, म्हणून ही फाइल व्हिसा मिळाल्यावर बंद करू नका.

प्रश्न : दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि वडिलांचं नाव शेवटी, पासपोर्टवर माहेरचं नाव, आधारवर नवऱ्याचं नाव आणि आडनाव. शिवाय लग्नात माझं नावही बदललं. आधी सगळी कागदपत्रं एकसारखी करून घ्यावीत का?

उत्तर : नको. आपल्याकडे बाईचं मधलं नाव लग्नाबरोबर बदलतं हे मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासाला चांगलं ठाऊक आहे. नावं वेगळी असण्याने अर्ज अडत नाही, न सांगितलेलं नाव अडचणीचं ठरतं. आय-१३० आणि डीएस-२६० या दोन्हींत 'पूर्वी वापरलेली इतर नावं' असा रकाना आहे. तिथे प्रत्येक रूप लिहा : माहेरचं पूर्ण नाव, सासरचं पूर्ण नाव, लग्नात ठेवलेलं नाव, गुणपत्रिकेवरचा उलटा क्रम. इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुठे एक 'ए' आणि कुठे दोन असतील तर तेही.

व्हिसा पासपोर्टवरच्या नावाने छापला जातो आणि ग्रीन कार्ड त्याच नावाने येतं. तेव्हा पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर तो तसाच ठेवावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. बदलायचाच असेल तर पिटिशन भरण्याआधी बदला. मधेच बदललात तर एनव्हीसीला कळवा आणि डीएस-२६० दुरुस्त करून घ्या. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर मात्र आधी दुरुस्ती कराच. नाहीतर तुमचं नाव आडनावाच्या जागी जातं आणि नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे नाव अज्ञात) छापलं जातं. पुढे बँकेपासून वाहन परवान्यापर्यंत त्याचा त्रास होतो.

नोटरीपुढे केलेलं 'ही सर्व नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र जोडायला हरकत नाही. नवं नाव कुठून आलं हे लग्नाच्या प्रमाणपत्रावरून कळत नसेल तेव्हा ते खरोखर कामी येतं.

प्रश्न : माझा जन्म १९६८चा, खेड्यात. ग्रामपंचायतीत नोंद सापडत नाही.

उत्तर : जन्ममृत्यू नोंदणीचा १९६९चा कायदा १ एप्रिल १९७० पासून लागू झाला, त्यामुळे त्याआधीच्या जन्मांची नोंद नसणं हे दूतावासाला नवीन नाही. नोंद शोधून ती उपलब्ध नसल्याचा दाखला त्याच कार्यालयातून लेखी घ्या. त्याला तुमच्याहून वयाने मोठ्या, जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोन नातलगांची प्रतिज्ञापत्रं जोडा. आई-वडील हयात असतील तर त्यांचीच. त्यांत जन्मतारीख, गाव, दोन्ही पालकांची नावं आणि ही माहिती त्यांना कशी आहे ते लिहिलेलं हवं. शाळा सोडल्याचा दाखला सोबत द्या. नोंद आहे पण बाळाचं नाव कोरं आहे, असं असेल तर आधी त्याच कार्यालयात नाव समाविष्ट करून घ्या.

प्रश्न : मी दुबईत सहा वर्षं, लंडनमध्ये दोन वर्षं होतो, आता तीन वर्षं टोरांटोत आहे. पोलीस दाखले किती?

उत्तर : चार. तुम्ही ज्या देशाचे नागरिक आहात तिथे सोळाव्या वर्षानंतर सहा महिन्यांहून जास्त राहिला असाल तर त्याचा, सध्याच्या देशात सहा महिन्यांहून जास्त झाले असतील तर त्याचा, आणि पूर्वी जिथे जिथे बारा महिने किंवा जास्त राहिलात त्या प्रत्येक देशाचा. कुठेही अटक झाली असेल तर मुक्काम कितीही लहान असो, तिथला दाखला लागतोच. अमेरिकेचा मात्र लागत नाही.

भारताचा दाखला पासपोर्ट कार्यालयाचा हवा. पोलीस आयुक्तालयातून काढलेलं चारित्र्य प्रमाणपत्र चालत नाही, आणि ही चूक फार जण करतात. टोरांटोतून अर्ज तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासामार्फत होतो. पासपोर्टवरचा भारतातला पत्ता जुना असेल तर पडताळणी लांबते. कॅनडाचा दाखला आरसीएमपी या तिथल्या राष्ट्रीय पोलीस दलाचा, बोटांच्या ठशांवरून काढलेला. ब्रिटनचा एक्रो या तिथल्या पोलीस नोंदींच्या कार्यालयाकडून ऑनलाइन मिळतो. दुबईचं काम तिथे असताना एमिरेट्स आयडीवर चुटकीसरशी होतं. देश सोडल्यावर ठसे घेऊन ते प्रमाणित करून पाठवावे लागतात. आखातात असलेल्या वाचकांनी म्हणूनच निघण्याआधी दाखला घ्यावा. दाखल्याची मुदत दोन वर्षं असते, पण सोडलेल्या देशात दाखल्यानंतर तुम्ही परत गेलाच नसाल तर तो त्यानंतरही चालतो.

प्रश्न : बायकोसाठी अर्ज करतोय. मी अमेरिकी नागरिक, पण पगार मस्कतचा. आय-८६४मध्ये, म्हणजे आर्थिक हमीच्या प्रतिज्ञापत्रात, हे उत्पन्न धरतील का?

उत्तर : अमेरिकेत गेल्यावरही हाच पगार याच मालकाकडून चालू राहणार असेल आणि तसं पत्र असेल तरच. एरवी नाही. दोघांच्या कुटुंबासाठी २०२५च्या तक्त्यानुसार वार्षिक किमान उत्पन्न २६,४३७ डॉलर लागतं. तक्ता दरवर्षी बदलतो. उत्पन्न नसेल तर मालमत्ता दाखवता येते, नागरिकाच्या जोडीदारासाठी तुटीच्या तिप्पट : उत्पन्न शून्य असेल तर ७९,३११ डॉलर. ती वर्षभरात रोख करता यायला हवी. बँकेतल्या ठेवी सर्वांत सोप्या. भारतातल्या फ्लॅटला मूल्यांकन, कर्ज नसल्याचा पुरावा आणि पैसे बाहेर नेता येतील याचा आधार लागतो.

तिसरा मार्ग सहप्रायोजकाचा, म्हणजे तुमच्या जोडीने आर्थिक हमी देणाऱ्याचा. तो अमेरिकेत राहणारा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक हवा. त्याच्या कुटुंबात चार माणसं असतील तर तुमची पत्नी धरून हिशेब पाचांचा होतो, म्हणजे ४७,०६२ डॉलर.

सहप्रायोजक मिळाला तरी तुमचा स्वतःचा आय-८६४ भरावाच लागतो, आणि त्यात खरा अडथळा वास्तव्याचा असतो. तुम्ही पत्नीच्या आधी किंवा तिच्याबरोबर अमेरिकेत कायमचे राहायला जाणार आहात हे कागदांनी दाखवा : नोकरीचं पत्र किंवा नोकरीसाठीचे अर्ज, घराचा करार, आई-वडिलांकडे उतरणार असाल तर त्यांचं पत्र आणि घराचे कागद, तिथलं बँक खातं, मतदार नोंदणी, मुलांचा शाळाप्रवेश, सामान हलवणाऱ्या कंपनीचं दरपत्रक.

शेवटच्या वर्षाचं अमेरिकी आयकर विवरणपत्र हवं. परदेशी पगारावर कर शून्य येत असला तरी विवरणपत्र बहुतेकांना भरावं लागतं. राहून गेलं असेल आणि ते जाणूनबुजून केलं नसेल, तर आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकी कर खात्याच्या, सुलभ योजनेत तीन वर्षांची विवरणपत्रं आणि सहा वर्षांचे परदेशी खात्यांचे अहवाल देता येतात. हे मुलाखतीची तारीख आल्यावर काढू नका, आजच जाणकार कर सल्लागाराकडे जा.

प्रश्न : सगळ्या कागदांना अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून घेतलेला सरकारी शिक्का) आणि नोटरीचं भाषांतर लागतं, असं एजंट सांगतोय.

उत्तर : अमेरिकेच्या या व्हिसासाठी भारतीय कागदांना अपोस्टिल लागत नाही, तो खर्च वाचवा. मराठी कागदाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर हवं, शिक्के आणि हाताने लिहिलेले शेरे धरून. खाली भाषांतरकाराने आपल्याला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर अचूक व पूर्ण आहे असं लिहून नाव, सही, तारीख द्यायची. नोटरी आवश्यक नाही. प्रमाणपत्र मराठी-इंग्रजी दोन्हींत असेल तर भाषांतरही नको, फक्त इंग्रजी रकाने खरोखर भरलेले आहेत ना ते पाहा. युएससीआयएसला प्रती चालतात, पण मुलाखतीला मूळ कागद किंवा कार्यालयाने प्रमाणित केलेली प्रत बरोबर लागते. म्हणून लग्नाच्या आणि जन्माच्या दाखल्याच्या दोन-दोन प्रमाणित प्रती एकाच फेरीत काढून घ्या.